रेकॉर्ड पूल घ्यावा का? आधी आपण काय वाजवतो ते बघा

विट्याकडच्या एका डीजेनं विचारलंय. तीन-चार सीझन हळदी आणि लग्नं करतोय, आता महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांची कामंही यायला लागली आहेत. प्रश्न थोडक्यात असा: "पुण्या-मुंबईच्या डीजेंकडे नवीन गाण्याचं इंट्रोवालं व्हर्जन लगेच असतं. ते रेकॉर्ड पुलातून घेतात म्हणे. हा पूल म्हणजे नक्की काय, कुठला घ्यावा, आणि टेलिग्रामवर पाचशे रुपयांत मिळतो तो चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो: नाही चालणार. का, ते पुढे येईल. पण तुमची खरी अडचण 'नवीन गाणं मिळत नाही' ही नाहीच. नवीन गाणं आज रिलीज झालं की आजच प्रत्येकाच्या मोबाईलवर असतं. अडचण आहे ती वाजवण्याजोगी फाईल वेळेवर हातात असण्याची. म्हणजे सुरुवातीला मिक्स करायला मोकळे ठेके असलेली, शिवी कापलेली, आवाज फाटत नाही अशी, आणि नेट नसतानाही चालणारी. रेकॉर्ड पूल म्हणजे डीजेंना वर्गणीवर गाण्यांच्या फाइली देणारी वेबसाइट, आणि पूल विकतो ते हे. गाणं त्यात जवळजवळ फुकट असतं, पैसे कारागिरीचे आणि वेळेचे.

मूळ कल्पना जुनी आहे. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो आणि त्याच्या बरोबरच्या डीजेंनी पहिला पूल सुरू केला. तोवर प्रत्येक डीजेला प्रत्येक कंपनीच्या ऑफिसात जाऊन प्रमोच्या, म्हणजे प्रसिद्धीसाठी फुकट दिल्या जाणाऱ्या, रेकॉर्डी मागाव्या लागत. कोणाला मिळत, कोणाला हाकलून देत. पुलामुळे कंपन्या एकाच ठिकाणी रेकॉर्डी द्यायला लागल्या, आणि बदल्यात डीजेंनी कोणतं गाणं फ्लोअरवर चाललं, कोणतं पडलं हे कागदावर लिहून द्यायचं. व्यवहार आजही तोच आहे. लेबलला, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीला, प्रसिद्धी हवी, डीजेला माल हवा. फरक इतकाच की खोक्यातल्या रेकॉर्डींच्या जागी महिन्याच्या वर्गणीची वेबसाइट आली, आणि पुलानं स्वतःचे एडिटर ठेवले.

त्या एडिटरांचं काम समजून घ्या, कारण वर्गणी त्याच्यासाठी आहे. एकाच गाण्याच्या पाच-सहा फाइली दिसतील. इंट्रो म्हणजे सुरुवातीला ८ किंवा १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) नुसता ठेका. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोके असताना, १६ बार म्हणजे बरोबर ३० सेकंद, १०० बीपीएमला साधारण ३८ सेकंद. एवढ्या वेळात आधीचं गाणं उतरवायचं. क्विक हिट किंवा शॉर्ट एडिट म्हणजे दीड-दोन मिनिटांत हुक (गाण्याची पकडून ठेवणारी ओळ), एक अंतरा, परत हुक, बाहेर. ट्रान्झिशन म्हणजे एका वेगात सुरू होऊन दुसऱ्या वेगात संपणारी फाईल, उदाहरणार्थ १०० वरून १२८. अकापेला इन, अकापेला आउट म्हणजे नुसत्या गळ्यानं सुरू होणारी किंवा संपणारी. क्लीन म्हणजे शिव्या कापलेली, डर्टी म्हणजे तशीच ठेवलेली.

आपल्याकडे क्विक हिटचा उपयोग परदेशापेक्षा जास्त आहे असं माझं मत आहे. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. हळद आठला ठरलेली असली तरी पाहुणे जेवून, फोटो काढून येईपर्यंत साडेआठ होतात. हातात उरलं दीड तास. चार मिनिटांची पूर्ण गाणी लावलीत तर बावीस-तेवीस गाणी होतील, दोन मिनिटांच्या एडिटनं दुप्पट. आणि नवऱ्या मुलाचे मित्र, मामाकडची मंडळी, बायकांचा घोळका, प्रत्येकाची दोन-दोन गाणी तरी झाली पाहिजेत.

क्लीनबद्दल एक धोका. क्लीन व्हर्जनमधून शब्द कापलेला असतो, अर्थ नाही. शिवाय पंजाबी, हरयाणवी, हिंदी रॅप यांची क्लीन व्हर्जन बऱ्याचदा निघतच नाहीत. तिथे पुलावर विसंबू नका; गाणं शेवटपर्यंत हेडफोनवर ऐका, नको तो शब्द जिथे येतो तिथे हॉट क्यू (बटण दाबलं की थेट तिथे जाता येईल अशी खूण) टाका आणि त्याआधीच बाहेर पडा. समोर पहिल्या रांगेत आजोबा बसलेत, हे एडिटरला कुठून माहीत असणार?

आता घ्यावा की नाही. हे सर्वस्वी तुम्ही काय वाजवता त्यावर आहे, म्हणून कोणाला विचारण्याआधी आपली हिस्टरी काढा. सेराटो, रेकॉर्डबॉक्स, व्हर्च्युअल डीजे या तिन्ही डीजे सॉफ्टवेअरांत वाजवलेल्या गाण्यांची तारीखवार यादी साठते. गेल्या आठ-दहा कामांची यादी उघडा आणि प्रत्येक गाण्यापुढे खूण करा: मराठी, हिंदी, पंजाबी-हरयाणवी, इंग्रजी-लॅटिन-हाउस. वेगळ्या कामांची बेरीज वेगळी ठेवा. तासगावची हळद आणि पाचगणीची पार्टी एकत्र केलीत तर आकडा खोटा येईल.

गावाकडच्या हळदीत शेवटचा कप्पा पाचव्या हिश्शापेक्षा कमी निघेल. तसं असेल तर वर्षभराची वर्गणी म्हणजे पैसे पाण्यात. कारण सरळ आहे: डीजेसिटी, बीपीएम सुप्रीम, झिपडीजे, डायरेक्ट म्युझिक सर्व्हिस, प्रोमो ओन्ली ही जी नावं तुम्ही ऐकता ती सगळी परदेशी बाजारासाठी आहेत. काहींत बॉलिवूड-भांगड्याचा कप्पा असतो, पण तो तिकडच्या देसी लग्नांच्या हिशोबानं भरलेला. मराठी गाणं त्यात शोधायला जाऊ नका. कोळीगीत, लावणी, गोंधळ, मंडळाचं गणपतीचं गाणं, हे या पुलांत इंट्रो करून सहसा कोणी ठेवलेलं नसतं. हळदीचा तीन-चतुर्थांश माल तुम्हालाच तयार करावा लागतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

उलट महाबळेश्वर-पाचगणीचं हॉटेल, कंपनीचं फंक्शन, कॉलेजची फ्रेशर्स, एकतीस डिसेंबर, अशी कामं महिन्याला दोन-तीन होत असतील तर पूल घ्या. तिथे पुण्या-मुंबईची आणि गुजरातची मंडळी एकाच फ्लोअरवर असतात, फर्माईश कुठूनही कुठेही जाते. ओपन फॉरमॅट, म्हणजे सगळ्या प्रकारची गाणी असलेला पूल यासाठीच आहे. निव्वळ हाउस-टेक्नो वाजवणार असाल तर मात्र पूल नको. बीटपोर्ट किंवा बँडकॅम्पवरून एकेक गाणं विकत घेतलेलं बरं, कारण पुलातला तो कप्पा ढीगभर असतो आणि निवडक नसतो.

पूल निवडताना 'एक लाख गाणी' असल्या जाहिरातीकडे बघू नका. वर्गणी भरण्याआधी बहुतेक साइटवर यादी आणि तीस-साठ सेकंदांचे नमुने दिसतात. तुमच्या हिस्टरीतली वीस इंग्रजी-पंजाबी गाणी तिथे शोधा. वीसपैकी किती आहेत, त्यातल्या कितींचं इंट्रो आहे, आणि मागच्या महिन्यात आलेलं एखादं गाणं किती दिवसांनी चढवलंय, एवढं पाहिलं की कळतं. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी निघतात. चांगल्या पुलात मूळ फाईल त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिसते आणि एडिट पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला. म्हणून डाउनलोडला मंगळवार-बुधवार बरा. शनिवारच्या कामाआधी ऐकायला दोन-तीन दिवस हातात राहतात.

वर्गणी बहुतेक ठिकाणी महिन्याला २० ते ५० डॉलरच्या दरम्यान असते. त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा आकार आणि कर धरा. आपल्याकडचे लोक अडकतात ते पेमेंटवर. नेट बँकिंगमध्ये किंवा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आधी चालू करावा लागतो. तो मुळात बंद असतो. पहिल्या महिन्याचे पैसे जातात आणि माणूस निर्धास्त होतो. पण रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे दर महिन्याची आपोआप वजावट नोंदवलेल्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि परदेशी साइटच्या बाबतीत ती बऱ्याचदा नाकारली जाते. खातं थांबतं, आणि ते कळतं कधी, तर शुक्रवारी रात्री, शनिवारची यादी उतरवायला बसल्यावर. म्हणून पुढची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा आणि दोन दिवस आधी स्वतः पैसे भरा. काही पूल नाव नोंदवताना डीजे असल्याचा पुरावा मागतात. इन्स्टाग्रामचं पान, वाजवतानाचा व्हिडिओ, हॉटेलच्या पोस्टरवरचं नाव असं काही जवळ असू द्या.

नियमही वाचा. काही पुलांवर एक फाईल ठरावीक वेळाच उतरवता येते, बऱ्याचदा तीनदा. लॅपटॉप फॉर्मॅट झाला, पेनड्राइव्ह हरवला, परत उतरवू असं म्हणून चालत नाही. वर्गणी बंद केल्यावर उतरवलेल्या फाइली साधारणपणे तुमच्याकडे राहतात, पण खात्यात शिरून जुनं काही मिळत नाही. एक खातं दोघांत वाटून घेण्याचा विचारही करू नका. कऱ्हाडमधून आणि मिरजेतून एकाच संध्याकाळी लॉग इन झालं की खातं बंद होऊ शकतं, आणि भरलेले पैसे परत मागायला तोंड राहत नाही.

आता टेलिग्रामचा पाचशे रुपयांवाला. हा कोणाच्या तरी वर्गणीतून उतरवून पुन्हा चढवलेला माल असतो. चोरीचा आहे ही एक गोष्ट. दुसरी कामाची: त्यातल्या फाइली किती हातांतून आल्या हे कळत नाही. नाव '३२० केबीपीएस' (फाईलीच्या दर्जाचा आकडा, मोठा तितका चांगला) असतं, आत १२८ ची फाईल फुगवलेली असते. घरच्या स्पीकरवर फरक जाणवत नाही. चार टॉप, चार बेसच्या मोठ्या सिस्टीमवर लावा, झांज आणि हाय-हॅट पाण्यात बुडाल्यासारखी चरचरतात, आणि ऑपरेटर बिचारा मिक्सरवर ट्रेबल फिरवत बसतो.

तपासायला स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाईल त्यात ओढून टाका. आडवा वेळ, उभी फ्रीक्वेन्सी. खऱ्या ३२० च्या फाईलीत रंग साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत चढलेला दिसतो. १२८ ची फुगवलेली असेल तर १६ किलोहर्ट्झवर सुरीनं कापल्यासारखी सरळ आडवी रेघ येते, वर काळं. पण घाईनं निकाल देऊ नका. साठ-सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा भाग मुळातच नसतो. तिथे रंग हळूहळू विरत जातो. कडक रेघ असेल तरच फाईल खोटी. वजनावरूनही अंदाज येतो: ३२० ची फाईल मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे चार मिनिटांचं गाणं साडेनऊ एमबीच्या आसपास. मात्र फुगवलेली फाईलही तितकीच भरते, म्हणून वजन कमी असेल तर खात्रीनं वाईट, बरोबर असेल तर स्पेकमध्ये बघायचंच.

आणि एक खास आपल्याकडचं दुखणं. अशा ढिगातल्या निम्म्या मराठी रीमिक्सांत कोणाचं तरी नाव घुसवलेलं असतं. गाणं ऐन रंगात, आणि तुमच्या सिस्टीममधून घुमतं, "डीजे अमुक-तमुक, कोल्हापूर!" ज्यानं तुम्हाला सुपारी दिली तो तुमच्याकडे बघतो. नमुना म्हणून पहिलं मिनिट ऐकून हे सापडत नाही. नाव बहुधा दुसऱ्या अंतऱ्यानंतर टाकलेलं असतं. वेव्हफॉर्ममध्ये संगीत अचानक दबलेलं आणि मध्येच एक टोक उभं दिसलं की तिथे सुई टाकून ऐका.

मग मराठीचं काय करायचं? मूळ फाईल विकत घ्या. आयट्यून्स स्टोअरवर बरीच मराठी गाणी एकेक मिळतात, २५६ केबीपीएस एएसीमध्ये, लॉक नसलेली. सेराटो आणि रेकॉर्डबॉक्समध्ये सरळ चालतात. जुन्या सीडी असतील तर वेव्हमध्ये उतरवा. मग स्वतःचं इंट्रो बनवा. एबलटन किंवा तत्सम कुठल्याही सॉफ्टवेअरात गाणं घ्या, पहिल्या समेवर पहिली खूण ठोका, आणि दर चार बारांनी ठेका रेघेवर बसतोय का पाहत पुढे जा. ढोलकी-हलगी माणसानं वाजवलेली, त्यामुळे वेग हलतोच. मुखड्याला ९८ असलेलं गाणं शेवटच्या अंतऱ्याला १०२ वर गेलेलं असतं. सगळं ताणून एका आकड्यावर बसवू नका, गाण्याचा जीव जातो. पहिले आणि शेवटचे १६ बार कडक सरळ करा, मधला भाग सैल सोडा. मिक्स दोन्ही टोकांनाच होतो.

इंट्रोसाठी त्याच वेगाचा हलगीचा किंवा किकचा आठ बारांचा लूप पुढे जोडा. गाण्यातच कुठे नुसती ढोलकी वाजली असेल तर तोच तुकडा कापून लूप करा. बाहेरच्या लूपपेक्षा तो चांगला मिसळतो. शेवटचा बार रिकामा ठेवा किंवा तिथे एक फिल (ठेक्याची छोटी गिरकी) टाका, म्हणजे गाणं येतंय हे फ्लोअरला कळतं. एक्सपोर्ट करताना आवाजाचं शिखर उणे १ डेसिबलवर ठेवा. सिस्टीमवाल्याच्या मिक्सरवर लाल दिवा आधीच लागलेला असतो, त्यात तुमच्या फाईलीची भर नको.

सहा मात्रांच्या चालीवरच्या गाण्यांना वेगळं सांभाळा. कोळीगीतांत हे हमखास. सॉफ्टवेअर त्यांचा बीपीएम कधी दीडपट दाखवतं, कधी दोन-तृतीयांश, आणि सिंक (वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की दोन गाणी एकमेकांवर लंगडतात. आकडा हातानं ठोकून भरा आणि अशी गाणी वेगळ्या क्रेटमध्ये (सॉफ्टवेअरातल्या वेगळ्या यादीत) ठेवा. त्यांतून सरळ ठेक्याच्या गाण्यात जायचं असेल तर मिक्स करण्यापेक्षा शेवटच्या ओळीवर तोडून पुढचं गाणं समेवर टाका.

स्वतःच्या वापरासाठी केलेलं एडिट यूट्यूबवर किंवा साइटवर चढवायचं नाही. तिथे मूळ मालकाच्या परवानगीचा प्रश्न येतो आणि तो तुमच्या बाजूनं सुटत नाही.

पुलाची वर्गणी म्हणजे सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचा परवाना, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. वर्गणीनं फाईल मिळते. हॉटेलात, तिकीट लावलेल्या पार्टीत वाजवण्यासाठी रेकॉर्डिंगचे हक्क पीपीएलसारख्या संस्थांकडे, गीत-संगीताचे आयपीआरएसकडे, काही लेबलांचे आणखी कोणाकडे, असा वेगळा परवाना लागतो. तो काढणं सहसा जागेच्या मालकाचं किंवा आयोजकाचं काम, पण बोलणी करतानाच व्हॉट्सॲपवर लेखी विचारून ठेवा. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तिची व्याप्ती किती यावर वाद होत आले आहेत, त्यामुळे लॉनवाल्याला त्याच्याकडे काय कागद आहेत हे विचारायला लाजू नका. स्पॉटिफायसारखं स्ट्रीमिंग तर अटींनुसार वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठीच असतं. आणि अटी बाजूला ठेवल्या तरी पसरणीच्या घाटावरच्या एखाद्या रिसॉर्टच्या तळघरात नेट गेलं की पुढे काय?

लेबलकडून थेट येणाऱ्या प्रमोबद्दलही ऐकलं असेल. इन्फ्लाइट, फॅटड्रॉप अशा सेवांतून लेबल निवडक डीजेंना ईमेलनं लिंक पाठवतं. गाणं ऐकून गुण आणि दोन ओळींचा अभिप्राय दिल्याशिवाय डाउनलोड सहसा उघडत नाही. हे फुकट असतं, पण यादीत नाव लागायला रेडिओ शो, नियमित क्लब किंवा स्वतःच्या रिलीज लागतात. अशा फाइलींत कोणाला पाठवली याची न ऐकू येणारी खूण असू शकते. मित्राला दिलीत आणि ती बाहेर फुटली तर तुमचं नाव निघतं. तुमच्या सध्याच्या कामांना याची गरज नाही.

उतरवलेला माल लावायचा कसा, यात बरेच जण ढिले पडतात. महिन्याला तीनशे फाइली उतरवून त्यातल्या दहा वाजवणं हा पूल घेतलेल्यांचा नेहमीचा रोग. आठवड्याला पंधरा-वीसच्या वर उतरवू नका. कामाच्या दिवशी नवीन फाईल घालू नका. आदल्या दिवशी विश्लेषण, बीटग्रिड (ठोक्यांच्या रेघा), दोन क्यू पॉइंट, एवढं झालेलीच आत येईल. कमेंटच्या रकान्यात आपल्या भाषेत लिहा: 'हळद-बायका', 'हॉटेल-जेवणानंतर', 'फक्त पोरं'. पुलानं लिहिलेल्या जॉनरपेक्षा हे अंधारात जास्त कामाला येतं.

हॉटेलच्या प्लेअरवर वाजवणार असाल तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉर्मॅट केलेला हवा. जुने सीडीजे एक्सफॅट वाचत नाहीत. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून ३२ जीबीच्या वरचा ड्राइव्ह फॅट३२ होत नाही, म्हणून ३२ जीबीचाच घ्या. साधारण तीन हजार गाणी मावतात. रेकॉर्डबॉक्समधून एक्सपोर्ट केलेले असे दोन सारखे ड्राइव्ह ठेवा, एक खिशात आणि एक बॅगेत.

कधी घ्यायचा ते राहिलं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन उघडतो आणि एकतीस डिसेंबरपर्यंत हॉटेलांची कामंही साथीला असतात. नोव्हेंबरात एक महिन्याची वर्गणी घ्या, डिसेंबरात वाढवा, आणि जानेवारीत परत हिस्टरी काढून पुलातली किती गाणी खरंच वाजली ते मोजा. आषाढापासून चातुर्मास संपेपर्यंत लग्नं नाहीत, गणपतीत आपलाच माल चालतो, तेव्हा त्या महिन्यांत वर्गणी बंद. वर्षाचं पॅकेज महिन्याला स्वस्त दिसतं, पण त्यात हे चार महिनेही तुमच्याकडून वसूल होतात.

इथे हिस्टरीतला हिशोब टाकलात, म्हणजे कोणत्या कप्प्यात किती गाणी आणि हॉटेलची कामं महिन्याला किती, तर कुठला पूल आधी बघावा ते नेमकं सांगता येईल.